उजेडाकडे पोट

१

माझं काम ठिपके देण्याचं. कोरिएन्तेसच्या संग्रहालयात मागच्या अंगाला एक खोली आहे. तिथे भिंतभर नकाशा लावलाय आणि अकरा वर्षं मी त्यावर एकाच किड्याचे ठिपके देत आले. किडा तांदळाच्या दाण्याएवढा. तळं, डबकं, गुरांचा पाणवठा, जिथे पाणी संथ आणि नितळ असेल तिथे तो राहतो. मागचे लांब पाय वल्ह्यासारखे मारतो, म्हणून आमच्याकडची पोरं त्याला नावाडी म्हणतात. आणि हा नावाडी जन्मभर पाठीवर पोहतो, पोट वर करून.

शाळेची सहल आली की कुणीतरी विचारतंच, "बाई, हा उलटा का पोहतो?" मग मी काचेची पेटी पुढे ओढते, तिच्यावर काळं कापड टाकते आणि खालून दिवा लावते. सगळे नावाडी एका झटक्यात उलटतात, पोट खाली आणि पाठ वर. मी सांगते, याला वर-खाली कळत नाही, फक्त उजेड कळतो. उजेड जिकडे, पोट तिकडे. पोरं टाळ्या वाजवतात आणि मी पुन्हा कापड काढते.

माझे सगळे ठिपके पाराना नदीच्या आजूबाजूला आहेत. पश्चिमेकडे एकही नाही. तिकडे जमीन कोरडी, पाणी खारं, नावाड्यानं तिथे जाऊन करायचं काय?

त्या डिसेंबरात माझ्या भावाचं पार्सल आलं. लिसांद्रो माझ्याहून एक वर्षानं धाकटा, सान्तियागो प्रांतात दोस तालास नावाच्या वस्तीवर शाळामास्तर. त्याची बायको मिर्ता दोन वर्षांपूर्वी रोसारियोला माहेरी म्हणून गेली ती गेलीच. तेव्हापासून तो शाळेच्याच खोलीत एकटा राहत होता. पार्सलात एक छोटी बाटली, उसाच्या दारूत बुडवलेले तीन किडे आणि चिठ्ठी:

"ओब्दू, तुझे लाडके माझ्या पिण्याच्या पाण्यात निघाले. किडे तुझे, दारू माझी. दारू परत पाठव. एक गंमत म्हणजे माझ्याकडचे सरळ पोहतात."

शेवटच्या वाक्याला मी हसले. लहानपणापासून त्याला कुठल्याही प्राण्याची पाठ कुठली आणि पोट कुठलं ते कळलेलं नाही. पण भिंगाखाली धरल्यावर माझं हसू थांबलं. नावाडीच होता, माझाच. जवळच्या ठिपक्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर.

आमचे संचालक डॉक्टर साल्दिवार म्हणाले, "ओब्दुलिया, एखादा उडत उडत आला असेल. पाहुण्याला रहिवासी म्हणत नाहीत. तिथे पिल्लं आहेत का? पिल्लं आणा, मग ठिपका द्या. मार्चमध्ये नकाशा छापायला जातो."

मला तो ठिपका हवा होता. खरं सांगायचं तर भावाला भेटायला मी चार वर्षांत गेले नव्हते, आणि त्या ठिपक्यासाठी आठ दिवसांत निघाले.

२

जानेवारीत, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, दोस तालासला उतरणं म्हणजे तव्यावर उतरणं. बस थांबते तिथे दोन झाडं, पुढे शाळा, मागे शेळ्यांचे चार गोठे. लिसांद्रो फाटकात उभा होता. वाळला होता, पण थट्टा शाबूत होती.

"आली का किड्यांची आई! भावाला विसरलीस तरी चालेल, बाटली आणलीस ना?"

"रिकामी आणलीय."

"मग परत जा."

ओसरीवर दोन्या निकासिया येर्बाची कडू पानं गरम पाण्यात भिजवत बसली होती. शाळेची स्वयंपाकीण, साठीची, बोलायला फटकळ. आमच्याकडे येर्बा प्यायचा पोकळ भोपळा एकाच नळीनं सगळ्यांत फिरतो. आपण चोखून रिकामा करायचा आणि मुकाट्यानं परत द्यायचा. मध्येच 'आभार' म्हटलं की त्याचा अर्थ पुरे, मला आता नको. लिसांद्रोनं मला पुन्हा एकदा त्या इन्स्पेक्टरची गोष्ट सांगितली. राजधानीतून आलेल्या त्या सभ्य माणसानं पहिल्याच घोटाला आभार मानले आणि दिवसभर तहानलेला बसून राहिला.

"त्याच्यावरूनच आमच्या कासवाचं नाव इन्स्पेक्टर ठेवलंय," दोन्या निकासिया म्हणाली. "हा मात्र रोज काम करतो."

अंगणाच्या मधोमध टाकं होतं. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून जमिनीखालच्या विटांच्या टाक्यात उतरतं, वर कठडा, लोखंडी कमान, कप्पी आणि पोहरा. आत उतरायला भिंतीत नऊ कड्या ठोकलेल्या. लिसांद्रो दर मार्चमध्ये त्यांवरून उतरून टाकं साफ करायचा. आणि टाक्यात कासव सोडतात, सगळीकडेच सोडतात. ते अळ्या खातं, किडे खातं, पाणी गोड ठेवतं.

माझ्या डोक्यात तेव्हाच यायला हवं होतं. कासव असलेल्या टाक्यात नावाडी आठवडाभरही टिकायला नको.

मी लगेच पोहरा सोडला. पाणी नितळ, एकही किडा नाही. पाच वेळा काढलं. काहीच नाही.

"आत्ता नाही दिसायचे," लिसांद्रो म्हणाला. "सिएस्ताच्या वेळी येतात."

"झोपेच्या वेळी टाकं कोण उघडतं?" दोन्या निकासियानं भोपळा खाली ठेवला. "मास्तर, तुम्ही हल्ली झोपत नाही दुपारचे. मला कळत नाही असं समजू नका."

तो हसला आणि विषय शेळ्यांच्या चीजवर नेला.

३

दुपारी एक ते चार त्या मुलखात कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. झडपा बंद, माणसं आडवी. मी खाटेवर पडले, नेहमीसारखी पाठीवर. मी आणि लिसांद्रो दोघंही पाठीवर झोपणारे. लहानपणी एकाच खाटेवर पडायचो आणि आई म्हणायची, माझी दोन प्रेतं झोपली. त्या दिवशी मला झोप लागली नाही. बाहेर टाक्याचं लाकडी झाकण सरकल्याचा आवाज आला.

अंगणात ऊन इतकं होतं की डोळे मिटूनच मी कठड्यापर्यंत गेले. लिसांद्रो कठड्यावर कोपरं टेकून खाली बघत होता. मला बघून त्यानं नुसती जागा करून दिली.

आत नावाडी होते. शंभर असतील, जास्तच. पाण्याच्या मध्यावर, एका पातळीत, वल्ही मारत स्थिर उभे राहावं तसे. आणि त्यांच्या फिकट पाठी मला दिसत होत्या. पाठी वर, पोटं खाली.

"सांगितलं होतं ना, सरळ पोहतात," लिसांद्रो हळूच म्हणाला.

सूर्य बरोबर डोक्यावर होता. टाक्याचं तोंड उघडं होतं. वरून एवढा उजेड पडत असताना खालून त्याहून जास्त उजेड असल्याशिवाय हे किडे असे उलटायचे नाहीत. हे मी पोरांना अकरा वर्षं शिकवत आलेय.

मग कासव दिसलं. ते उताणं तरंगत होतं, म्हणजे पोट आभाळाकडे, पाय वर. "मेलं रे बिचारं," मी म्हटलं. तेवढ्यात त्यानं चारही पाय शांतपणे हलवले आणि तसंच, उताणं, भिंतीच्या कडेनं पोहत पलीकडे गेलं. कासवाचं नावाड्याच्या उलट असतं, त्याची पाठ उजेडाकडे.

मी स्वतःला समजावलं. तळाला चुना लावला असेल. पांढऱ्या तळावरून ऊन परततं, लहान जागेत ते साठतं, किड्याला भ्रम होतो. मला ते पटलं आणि बरं वाटलं. संध्याकाळी मी दोन्या निकासियाला विचारलं, चुना कधी लावला होता.

"चुना? बाई, दहा वर्षांत कोणी लावलेला नाही. तळाला वीतभर गाळ आहे, काळा कुळकुळीत."

४

रात्री जेवताना मी भावाकडे नीट पाहिलं. तो ताटाकडे बघत जेवत नव्हता, ताटाच्या खाली काहीतरी असल्यासारखा बघत होता.

"लिसांद्रो, तू माझ्याबरोबर चल. सुट्टी संपेपर्यंत तरी."

"येतो की."

"उद्या?"

"तुझं काम झालं की." त्यानं पाव मोडला. "ओब्दू, मी काही वेडा झालेलो नाही. नुसतं बघत बसतो. मिर्ता गेल्यापासून दुपारी घर फार गप्प असतं. आणि खाली इतका छान उजेड असतो."

मी त्याच क्षणी म्हणायला हवं होतं की काम गेलं चुलीत, सकाळच्या बसनं निघायचं. बस सातला होती. मी ती जाऊ दिली, कारण सकाळी सात ते दुपारी एक टाक्यात एकही किडा नव्हता, आणि मला पिल्लं हवी होती. मोठे नावाडी पोहऱ्यात येईनात, पोहरा पाण्याला लागला की पसरायचे. पिल्लं तर भिंतीलगत असतात, हातानंच काढावी लागतात.

"मी उतरतो," लिसांद्रो म्हणाला. "कड्या माझ्या पायाखालच्या आहेत. तुझ्या वजनानं भिंत खाली येईल."

"दोन मिनिटंच," मी म्हणाले. हे माझे शब्द आहेत. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाहीत.

५

दीड वाजता आम्ही झाकण काढलं. त्याच्या कमरेला दोर बांधला, कप्पीवरून घेतला, टोक माझ्या मनगटाला. गळ्यात बाटली आणि चहाची गाळणी. तो मास्तरच, त्यामुळे कड्या मोठ्यानं मोजत उतरला. "एक. दोन. तीन. इन्स्पेक्टर, बाजूला व्हा, शाळा भरलीय. चार."

सहाव्या कडीला पाणी त्याच्या कमरेला लागलं. नावाडी हलले नाहीत. सातव्याला छातीपर्यंत आलं.

"आठ. नऊ."

मग नुसता पाण्याचा आवाज.

"दहा," लिसांद्रो म्हणाला.

पाणी त्याच्या छातीलाच होतं. मी ओरडायला हवं होतं. मी विचारलं, "पिल्लं दिसतात का?"

"खूप." गाळणी पाण्यात फिरल्याचा आवाज. "बाटलीत घेतो. अकरा."

मी वाकले. माझी सावली पाण्यावर पडायला हवी होती, पडली नव्हती. त्याची हनुवटी उजळलेली होती, नाकपुड्या, भुवयांची खालची बाजू, काखा. डोक्याचा वरचा भाग काळोखात होता. आणि टाक्याच्या घुमटाच्या आतल्या बाजूला, माझ्या हाताखालच्या विटांवर, त्याच्या डोक्याची भली मोठी सावली हलत होती. सावली वर पडली होती.

"लिसांद्रो, वर ये."

"ओब्दू, खाली अंगण आहे."

"काय?"

"अंगण. मधे कठडा. कोणीतरी बाई वाकून बघतेय."

"ते माझं प्रतिबिंब आहे, गाढवा! वर ये म्हणते ना."

"प्रतिबिंब असतं तर मधे मी दिसलो असतो ना गं," तो अगदी शांतपणे, गणित समजावून सांगावं तसं म्हणाला. "मी कुठाय त्यात?"

मी दोर ओढला. देवाशपथ सांगते, सगळी ताकद लावून ओढला, कारण तो बहात्तर किलोचा माणूस. आणि मी मागे धडपडले, कारण वजनच नव्हतं. भरलेल्या पोहऱ्याएवढंही नाही. कप्पी भरभर फिरली आणि तो कठड्यावर आला, हसत, ओठ निळे, बाटली छातीशी धरून.

तो अंगणातल्या विटांवर पालथा पडला. त्या विटांवर पाऊल ठेववत नव्हतं इतक्या तापलेल्या होत्या.

"भाजशील रे!"

"बरं वाटतंय," तो विटांना गाल लावून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सातच्या बसनं आम्ही निघालो. मला वाटलं होतं तो अडून बसेल. त्यानं पिशवी भरली, किल्ली दोन्या निकासियाला दिली आणि मुकाट बसमध्ये चढला. इतक्या सहज आला म्हणून मला आनंद झाला, आता त्याच सहजपणाची भीती वाटते.

६

पिल्लं मी संग्रहालयात न नेता घरीच ठेवली, जेवणाच्या टेबलावर काचेच्या पेटीत, म्हणजे दिवसातून दहादा बघता येईल. चार दिवस ती शहाण्यासारखी पाठीवर पोहली. माझा जीव भांड्यात पडला. दोस तालासला जे काही होतं ते तिथलं होतं, ऊन होतं, विटा होत्या, एकटेपणा होता. मी संग्रहालयात जाऊन शाईनं ठिपका दिला. डॉक्टर साल्दिवारांनी हात मिळवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

लिसांद्रो मागच्या खोलीत होता. जेवायचा, दाढी करायचा, शेजारच्या पोराला भागाकार शिकवायचा. फक्त दुपारी खाटेवर न पडता फरशीवर पडायचा, पालथा, गाल फरशीला.

"गार वाटतं," तो म्हणाला.

आमच्या शहरात जानेवारीत निम्मे लोक फरशीवरच पडतात. मी त्याच्यासाठी उशी ठेवली, ती त्यानं बाजूला सरकवली.

पाचव्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला उठले आणि टेबलाशी थांबले. पिल्लं उलटली होती. पोटं खाली.

मी पेटीवरचं जाळं काढलं. झडपा उघडल्या. टेबलावरचा दिवा वरून धरला. मग पेटीच उचलून बाहेर अंगणात नेली आणि भर उन्हात ठेवली. डोळे दिपत होते इतकं ऊन. पिल्लं तशीच राहिली, एका पातळीत, पोट फरशीकडे. चार वाजले तशी एकेक करून परत वळली.

मला रडू आलं. मी अंगणात बसून रडले, पेटी मांडीवर घेऊन.

७

दोन आठवड्यांनी दोन्या निकासियाचं पत्र आलं. अक्षर मोठं, पेन्सिलचं.

"बाई, मास्तरांना सांगा की इन्स्पेक्टर सरळ पोहायला लागला. नावाडी एकही उरला नाही, मी झोपेच्या वेळी मुद्दाम पाहिलं. काठीनं तळ तपासला, गाळच आहे. कड्या मोजल्या, नऊच आहेत. पाणी पुन्हा गोड लागतं. तुम्ही दोघं परत येऊ नका असं म्हणत नाही, पण जे काही होतं ते तुमच्याबरोबर गेलं. आभार."

मी तो शेवटचा शब्द पुन्हा वाचला. तिकडे कुणी भोपळा पुढे सरकवला आणि आपण हा शब्द म्हटला की तो परत येत नाही.

त्याच दिवशी मी संग्रहालयात गेले आणि दोस तालासचा ठिपका ब्लेडनं खरवडला. डॉक्टर साल्दिवारांनी विचारलं, "मग पिल्लं कुठली होती?" मी ब्लेड पुसून ठेवलं. खरा ठिपका आता कुठे द्यायचा ते मला माहीत आहे. आमच्या गल्लीत, आमच्या घरावर.

घरी आले तेव्हा दोन वाजले होते. लिसांद्रोच्या खोलीच्या झडपा बंद होत्या, आत काळोख असायला हवा होता. खुर्चीच्या बैठकीची खालची वीण दिसत होती, वेताची एकेक काडी. खाटेच्या फळीच्या खालच्या बाजूला सुताराचं पेन्सिलचं माप दिसत होतं. फळीच्या वर सगळं काळं होतं.

तो पालथा पडला होता. त्याच्या पायाचे अंगठे फरशीवर हळूहळू हलत होते. एक पाय खाली ताणायचा, चाचपायचा, मग दुसरा. ओठ हलत होते. मी गुडघ्यांवर बसून कान लावला.

"अडतीस," लिसांद्रो म्हणाला. बऱ्याच वेळानं, "एकोणचाळीस."

"लिसांद्रो! मी आहे. ओब्दू. वर ये रे."

"हळू," तो म्हणाला. "खालची ती ऐकतेय."

मी त्याला डॉक्टरकडे नेलं, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मैत्रिणीकडे आठवडाभर ठेवलं, पुलापलीकडे आत्याकडे नेलं. दुपार झाली की तिथलीही फरशी. चार वाजता तो उठतो, तोंड धुतो, येर्बा भिजवतो, माझी थट्टा करतो, आणि आदल्या दिवशी जिथे थांबला तिथूनच दुसऱ्या दिवशी मोजायला लागतो. तो वर येत नाहीये. दर दुपारी त्याचं वजन थोडं कमी होतं. मी आता त्याला एका हातानं उचलू शकते.

म्हणून मी दोर बांधते. त्याच्या कमरेला एक टोक, माझ्या मनगटाला दुसरं, टाक्याशी बांधला होता तसाच. आणि त्याच्याशेजारी पडते, हात घट्ट धरून. उताणं पडून हात नीट धरता येत नाही, म्हणून पालथी पडते. जन्मात कधी अशी झोपले नव्हते. पहिल्या दिवशी मला लाज वाटेल इतकं बरं वाटलं. फरशी पोटाला कोमट लागते.

मी त्याला सोडणार नाही. मीच म्हटलं होतं, दोन मिनिटं.

काल तो एकशे सहावर होता. मी त्याच्या हातावरची पकड सारखी करायला जरा खाली सरकले, आणि माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला लोखंडाची कडी लागली.